शार्क पाहावा, पण कसा?

वाटीभर गरम पाण्याचे तापमान मोजायचे आहे असे समजा. त्यात तुम्ही एक जाडजूड, थंड तापमापी बुडवलात. काय होईल? तापमापी स्वतः तापण्यासाठी पाण्यातील उष्णता घेईल, पाणी थोडे निवेल आणि तुम्ही वाचाल ते तापमान मूळचे नसेल. म्हणजे मोजणाऱ्याने मोजायची गोष्टच बदलून टाकली! प्रयोगशाळेत लहान तापमापी वापरून ही चूक आपण कमी करतो. पण पाहायची गोष्ट जिवंत प्राणी असेल तर? मग प्रश्न नुसत्या अचूकपणाचा राहत नाही, तो नीतीचाही होतो. याचे एक उदाहरण समुद्रात सापडते.

माणूस पिंजऱ्यात, शार्क मोकळा

१९६३ साली ऑस्ट्रेलियात भाल्याने मासे मारण्याच्या एका स्पर्धेत रॉडनी फॉक्स यांच्यावर मोठ्या पांढऱ्या शार्कने हल्ला केला. ते कसेबसे वाचले. पुढे पाण्यात पिंजरा सोडून त्यातून शार्क पाहण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत तेच अग्रेसर होते. १९७५ मध्ये ‘जॉज’ हा चित्रपट आला. शार्कची भीती जगभर पसरली, आणि त्याला जवळून पाहण्याची हौसही. आज दक्षिण ऑस्ट्रेलियातील नेपच्यून बेटांजवळ पैसे भरून हा अनुभव घेता येतो.

प्राणिसंग्रहालयात प्राणी कोंडलेला असतो. येथे माणूस कोंडलेला आहे. मग आक्षेप कशाला? कारण समुद्र अफाट आहे आणि शार्क काही तिकिटाच्या वेळेवर येत नाही. त्याला बोलवावे लागते. त्यासाठी माशांचे रक्त, तेल आणि तुकडे पाण्यात सोडतात. दोराला मोठा मासा बांधून तो पिंजऱ्याजवळ तरंगत ठेवतात आणि शार्क झेपावला की पुष्कळदा ओढून घेतात.

ऊर्जेचा जमाखर्च

आता थोडे गणित करू. वेगाने पोहणाऱ्या माशाला होणारा पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट होतो. शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. तेवढेच अंतर निम्म्या वेळात कापले जाते, तरीही एकूण ऊर्जा चौपट खर्च होते.

शिकारी प्राणी हा खर्च करतो तो भक्ष्य मिळेल या हिशेबाने. आमिष ओढून घेतले की खर्च होतो, जमा मात्र शून्य. नेपच्यून बेटांजवळ शार्कच्या अंगावर गतिमापक उपकरणे लावून संशोधकांनी निरीक्षणे केली. पिंजऱ्याच्या सान्निध्यात शार्कची हालचाल एरवीपेक्षा जास्त आढळली. एखाद्या वेळच्या झेपेने शार्क दुबळा होणार नाही. पण रोज तेच घडले तर बेरीज वाढत जाते. तेथे आमिष टाकण्याच्या दिवसांवर मर्यादाही घातली गेली आहे.

गजांचा विद्युत्-संदेश

शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रे असतात. त्यांच्या आत जेलीसारख्या पदार्थाने भरलेल्या नलिका असतात. लोरेंझिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये त्यांचे वर्णन केले; त्यांचे कार्य कळायला मात्र विसावे शतक उजाडले. या नलिकांनी शार्कला विद्युत्-क्षेत्र जाणवते, तेही सेंटिमीटरला एका व्होल्टच्या अब्जांश भागाच्या सुमारे पाचपट इतके क्षीण! टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलची दोन टोके ३,००० किलोमीटर अंतरावर, म्हणजे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी इतकी दूर नेली, तर मधल्या क्षेत्राची सरासरी तीव्रता एवढी भरेल.

दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात बुडवले की विद्युत्-घट तयार होतो, हे तुम्ही शिकला आहात. धातूचा पिंजरा खाऱ्या पाण्यात असेच क्षीण प्रवाह निर्माण करू शकतो. म्हणून शार्क गजांना तोंड लावतो तेव्हा तो माणसावर चिडलेलाच असतो असे नाही. त्याचे ज्ञानेंद्रिय चकलेले असू शकते. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ २०१९ मध्ये एक शार्क पिंजऱ्याच्या गजांत अडकून गंभीर जखमी झाला. २०२३ मध्ये मेक्सिकोने तेथील शार्क-पर्यटनावर कायमची बंदी घातली.

दुसरी बाजू

एकाच बाजूने निकाल देणे शास्त्राला धरून होणार नाही. या व्यवसायावर अनेकांची पोटे चालतात. जिवंत शार्क उत्पन्न देऊ लागला की त्याला मारण्याचा मोह कमी होतो. पर्यटक-नौकांवरून टिपलेली छायाचित्रे संशोधनाला उपयोगी पडतात. अशा पर्यटनामुळे किनाऱ्यावरील माणसांवर हल्ले वाढतात, याचा ठोस पुरावाही मिळालेला नाही.

तेव्हा खरा प्रश्न हा, की पाहण्याची किंमत कोण देतो? पर्यटक तिकिटाचे पैसे देतो. पण वाया गेलेली ऊर्जा, बदललेल्या सवयी आणि जखमा हा खर्च शार्क देतो, आणि तो तिकिटावर छापलेला नसतो.

आपल्या दारातला प्रश्न

परभणीहून समुद्र खूप दूर. मग आपल्याला याचे काय? कोकणच्या सहलीला गेलात तर पाण्यात पाव टाकून मासे गोळा करण्याचा मोह टाळा. पाव हे त्यांचे अन्न नव्हे. नागपंचमीला टोपलीतून दारोदार फिरवलेला नाग आठवा. दूध हे सापाचे अन्न नाही; तहानलेला साप पुढ्यात येईल ते पितो, एवढेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडून त्याचा खेळ करणे हा गुन्हा आहे. तेथेही दर्शन आपल्याला घडते आणि किंमत नाग देतो.

किंमत वाटून घेण्याचे चांगले उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. तो जाळ्यात अडकला तर जाळे कापून सोडावा लागतो आणि नुकसान गरीब मच्छीमाराचे होते. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने संरक्षित सागरी प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना सुरू केली. प्राण्याने आणि मच्छीमाराने सोसायचा भार त्यामुळे समाजाने थोडा उचलला.

दुर्बीण काय करते? ती प्राण्याची प्रतिमा जवळ आणते, प्राण्याला नव्हे. लहान तापमापीप्रमाणे तीही पाहायच्या गोष्टीला सर्वांत कमी ढळवते. वन्यजीव पाहण्याचे तेच उत्तम साधन.

करून पाहा

हिवाळ्यात शिक्षकांबरोबर येलदरीच्या जलाशयावर किंवा गावच्या तळ्यावर जा. काठावर चरणाऱ्या एखाद्या बगळ्याकडे सावकाश चाला. त्याने चरणे थांबवून मान वर केली की तेथेच थांबा, अंतर पावलांनी अंदाजा आणि मागे फिरा. तो उडेपर्यंत पुढे जाऊ नका. वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांसाठी हे अंतर वहीत नोंदवा. मग वर्गात चर्चा करा: पक्ष्याला न ढळवता पाहायचे तर आपण कोठे उभे राहायला हवे?