पऱ्हाटी पेटवण्याआधी हे वाचा: खड्ड्यातला कोळसा कसा करायचा आणि किती भरवसा ठेवायचा



कापसाची वेचणी आटोपली. बऱ्याच शिवारात उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर पडून आहे आणि संध्याकाळ झाली की जाळ दिसायला लागतात. त्यातच गेल्या पंधरा दिवसांत अनेक सभासदांचा एकच प्रश्न आला: "बायोचार टाकला की खत अर्ध्यावर येतं म्हणतात, खरं काय?" म्हणून आजचा संदेश लांब आहे. सवडीने वाचा, पण पऱ्हाटीला काडी लावण्याआधी वाचा.

*आधी बोंडअळीचं*
पऱ्हाटीवरच्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसलेली असते. धुऱ्यावरची गंजी जूनपर्यंत तशीच राहिली तर पुढच्या कपाशीला आपणच पाहुणे जेवायला बोलावले असं होतं. म्हणून फरदड घेऊ नका आणि पऱ्हाटी शेतात ठेवू नका. चुलीसाठी सरपण लागतं ते जरूर ठेवा, पण बोंडं झोडून, वेगळी करून. ती बोंडं खाली सांगितलेल्या खड्ड्यात पहिल्यांदा जाऊ द्या.

*जाळणं आणि कोळसा करणं यात फरक काय?*
उघड्यावर जाळलं की काडीतला जवळपास सगळा कर्ब आणि नत्र हवेत जातो. मागे राहते ती राख, त्यात थोडं पालाश असतं, तेही वाऱ्याने उडतं. तीच काडी हवा न मिळता तापली तर ती जळत नाही, तिच्यातला वायू बाहेर पडतो आणि कोळसा उरतो. शास्त्रज्ञ याला पायरोलिसिस म्हणतात. साधारण 350 ते 700 अंश सेल्सियस तापमानात हे होतं. काडीतला निम्म्याच्या आसपास कर्ब कोळशात टिकतो आणि तो मातीत कुजत नाही, वर्षानुवर्षं राहतो. कोळसा पाडणाऱ्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, नाव तेवढं नवीन.

यासाठी यंत्र लागत नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या ड्रमची साधी भट्टी केली आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2014 च्या सुमारास कोन-टिकी नावाची शंकूच्या आकाराची भट्टी निघाली. तिचंच मातीतलं रूप म्हणजे आपला खड्डा.

*खड्डा*
तोंडाशी 5 फूट रुंद, तळाशी 2 फूट, खोली 3 फूट. बाजू उतरत्या ठेवा, विहिरीसारख्या सरळ नको. गंजी, गोठा, झाडं आणि विजेच्या तारांपासून लांब. वाऱ्याच्या दिवशी करू नका. किमान दोन माणसं हवीत आणि 200 लिटरचे दोन ड्रम पाणी आधी भरून ठेवा. आधी म्हणजे आधीच. जाळ लागल्यावर मोटर सुरू करायला गेलं की नेमकी लाईन गेलेली असते.

पऱ्हाटी कडक वाळलेली पाहिजे. हातात मोडली की कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकली तर थांबा. मागच्या वर्षी आपण पहिलं प्रात्यक्षिक अवकाळी पावसानंतर आठच दिवसांनी घेतलं होतं. कोळसा कमी आणि धूरच जास्त झाला, सगळे खोकत घरी गेले. चूक आमची होती.

खड्ड्याच्या तळाशी काड्यांचा छोटा ढीग रचा आणि *वरून* पेटवा, खालून नाही. जाळ चांगला धरला की पऱ्हाटीचा पातळ थर टाका. त्या थरावर पांढरट राख धरायला लागली की दुसरा थर, मग तिसरा. पद्धतीचं सगळं मर्म इथेच आहे. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालच्या थराला हवा पोचत नाही आणि तो कोळसा म्हणून राहतो. निघणारा वायूही त्याच जाळात जळतो, म्हणून नीट चाललेल्या खड्ड्यातून धूर जवळजवळ येत नाही. धूर यायला लागला तर थर जाड झाला किंवा काडी ओली आहे. थर टाकायला उशीर केला तर वरचा कोळसा जळून राख होतो. दोन-तीन तास हातात काठी घेऊन तिथेच उभं राहावं लागतं. मोबाईल बघत बसण्याचं हे काम नाही.

खड्डा भरला की पाणी ओता. भरपूर ओता, तळापर्यंत पोचलं पाहिजे. पाणी कमी असेल तर वरून ओली माती जाड दाबा आणि दोन दिवस हात लावू नका. वरून थंड वाटलेला कोळसा आतून धुमसत असतो आणि पोत्यात भरला की हवा लागून पुन्हा पेटतो. म्हणून विझवल्यावर पसरून एक पूर्ण दिवस उघड्यावर ठेवा, आणि कडब्याच्या गंजीजवळ पोती कधीच रचू नका. उघडा खड्डा रात्री झाका. गुरं-पोरं दोन्ही फिरतात.

*आता हिशेब*
कोरडवाहू कपाशीच्या एका एकरात वाळलेली पऱ्हाटी साधारण 8 ते 12 क्विंटल निघते. 10 धरू. खड्ड्यात चांगलं काम झालं तर वजनाच्या पाचव्या भागाएवढा कोळसा मिळतो, म्हणजे 2 क्विंटल, खड्ड्याच्या दोन भरण्या. हे कोरडं वजन आहे. पाणी मारलेला कोळसा काट्यावर कितीतरी जास्त भरतो, कोणाकडून विकत घेताना हे लक्षात ठेवा.

संशोधनातल्या मोठमोठ्या आकड्यांमागे बहुतेक वेळा हेक्टरी 10 टन किंवा त्याहून जास्त कोळसा असतो. म्हणजे एकरी 40 क्विंटल. आपल्या पऱ्हाटीतून तेवढा जमायला 20 वर्षं लागतील.

दुसरी गोष्ट जमिनीची. जगभरातल्या प्रयोगांचा एकत्र आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. उष्ण प्रदेशात उत्पन्न सरासरी 25 टक्के वाढलेलं दिसलं, थंड प्रदेशात वाढ दिसली नाही. पण उष्ण प्रदेशातला तो फायदा मुख्यतः आम्लधर्मी, निकस जमिनीतला होता, कारण कोळसा चुन्यासारखा आम्लपणा मोडतो. आपली काळी जमीन मुळातच विम्ल, सामू बहुतेक ठिकाणी 8 च्या आसपास, खाली चुनखडी. तिथे आम्लपणा मोडण्याचा फायदा मिळणार नाही. चोपण जमिनीत तर कोळसा टाकूच नका. हलकी, मुरमाड, लवकर तडकणारी जमीन असेल तर ओल धरून ठेवायला मदत होऊ शकते, तिथे करून बघण्यासारखं आहे.

म्हणजे "खत अर्ध्यावर येतं" हे आम्ही सांगणार नाही. कोळसा हे खत नाही, खत धरून ठेवणारी जागा आहे. रिकामी जागा टाकली तर ती मातीतलाच नत्र ओढून घेते आणि पीक पिवळं पडतं. कोरा कोळसा थेट शेतात टाकणाऱ्यांची फजिती इथेच होते.

*मग करायचं कसं?*
कोळसा ओला असतानाच कुटा, म्हणजे धूळ उडत नाही. तरी नाकाला फडकं बांधा. तुकडे हरभऱ्याएवढे झाले की पुरे. गोमूत्रात किंवा शेणाच्या स्लरीत भिजवा, एक पाटी कोळशाला तीन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा आणि सावलीत ओलसर ठेवून तीन आठवडे मुरू द्या. मग शेतभर फेकू नका, मुळाशी द्या.

नेपाळमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. गोमूत्रात भिजवलेला कोळसा भोपळ्याच्या मुळाशी हेक्टरी फक्त 750 किलो दिला होता, म्हणजे एकरी 3 क्विंटल. नुसतं गोमूत्र दिलेल्यापेक्षा उत्पन्न चौपट आणि नुसता कोळसा दिलेल्यापेक्षा 85 टक्के जास्त आलं. प्रयोग एकाच पिकाचा, तिथल्या जमिनीवरचा. चौपट कापसाची स्वप्नं बघू नका. पण थोडा कोळसा, भिजवलेला, मुळाशी, ही पद्धत आपल्या आवाक्यातली आहे. 3 बाय 2 फुटांवर टोकण असेल तर एकरात 7,260 झाडं बसतात. 2 क्विंटल कोळसा झाडामागे 27 ग्रॅम, छोटी मूठभर. संत्र्याची नवीन लागवड असेल किंवा घरामागे भाजीचे वाफे असतील तर आधी तिथे वापरा, तिथे लवकर कळेल.

ज्यांच्याकडे श्रेडर आहे त्यांनी पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळली किंवा कंपोस्ट केलं तरी उत्तम, त्यांना खड्ड्याची गरज नाही. मजुरी देऊन खड्डा करणं एका हंगामात परवडेल असं आम्हाला वाटत नाही. जो नाहीतरी जाळणारच होता, त्याच्यासाठी हा धडा आहे.

*कार्बन क्रेडिटच्या नावाने कोणी आलं तर*
मोजलेल्या आणि तपासणी झालेल्या कोळशालाच क्रेडिट मिळतं, नुसत्या सातबाऱ्यावर नाही. कर्बाचे हक्क अनेक वर्षांसाठी लिहून घेणाऱ्या कागदावर सही करू नका, आधार आणि सातबाऱ्याची प्रत देऊ नका. कागद आधी कंपनीच्या कार्यालयात दाखवा, वाचून सांगू.

यंदा करून बघणार असाल तर फक्त 5 गुंठ्यांवर करा. चार ओळी कोळशाच्या, शेजारच्या चार ओळी तेच शेणखत पण बिनकोळशाच्या, खुंट्या ठोकून ठेवा. खतं, फवारणी दोन्हीकडे सारखीच. ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांची बोंडं मोजून आकडे ग्रुपवर टाका. फरक पडला नाही तरी टाका.