हंडा अजून माळ्यावर आहे

चि. सौ. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा, ताईचा फोन आला. रडतच बोलत होती. गर्भपात होऊन दहा दिवस झाले, तू धड जेवत नाहीस, चौथ्याच दिवशी ऑफिसला गेलीस आणि डॉक्टरांनी बोलावलेल्या तारखेला गेलीच नाहीस. वर एकच धोशा, "मी स्कूटरवरून गेले नसते तर!" रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

आधी रागावते, ऐकून घे. एवढी शिकलेली तू, आणि फेरतपासणी चुकवतेस? पिशवी पूर्ण साफ झाली की नाही, हे घरात बसून कसं कळणार? ताप आला, अंगावरून जाताना घाण वास आला, कळा वाढल्या, चक्कर आली किंवा तासाला दोन पॅड भिजायला लागले, तर रात्र की पहाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि नोकरीचं म्हणशील, तर कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. डॉक्टरांचा दाखला दे आणि हक्काने घे.

डॉक्टर स्कूटरचं विचारतील म्हणून जात नाहीस ना? अगं, स्कूटरने गर्भ पडत नाही. पिकलेल्या पपईच्या फोडीने नाही, जिना चढल्यानेही नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या दहा जणींपैकी एक-दोघींचं राहत नाही, आणि बहुतेकींचं पहिल्या १२ आठवड्यांतच जातं. त्यातल्या निम्म्याअधिक वेळा गर्भातली गुणसूत्रंच नीट जुळलेली नसतात. तुझ्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, ते बहुधा तू स्कूटर काढायच्या कितीतरी आधी ठरलं होतं.

हे मला १९८७ साली ठाऊक असतं तर! ताईचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा मी १९ वर्षांची. ती मागच्या पडवीत बसली होती आणि मी म्हणाले, "कशाला उचलायचा होता भरलेला हंडा?" ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो तांब्याचा हंडा माळ्यावर पालथा घातला. हा का वापरत नाही, असं तू लहानपणी विचारायचीस. हे त्याचं उत्तर. माझ्या एका वाक्याने तिने इतकी वर्षं स्वतःला दोष दिला. काल फोनवर मी तिची माफी मागितली. तेच ओझं आता तू उचलू नकोस. ताईचं ते पहिलं गेल्यावर तीन वर्षांनी तू झालीस, रेवा.

फार बोलले. मनावर घेऊ नकोस. रडू आलं तर रड, पोटभर रड. दोन महिन्यांचं का असेना, ते तुझं होतं. पुढच्या खेपेला बहुतेकींचं सुखरूप पार पडतं, पण ते बोलणं आत्ता नको.

हे पत्र मिळाल्यावर लगेच तपासणीची वेळ घे आणि मला कळव. मी येते. आत तुझ्याशेजारी बसेन, नको म्हणालीस तर बाहेर बाकावर. मेतकूट आणते, मऊ भात मीच करीन.

तुझं काही चुकलेलं नाही, बाळा.

तुझी,
मावशी