रोड सायकलची फ्रेम: नळी निवडताना आधी माप बघा, मग नाव

हाताने बनवलेल्या सायकलींचा व्यवसाय करू पाहणारे बहुतेक जण आधी एकच गोष्ट विचारतात, "सर, रेनॉल्ड्सची नळी घेऊ की कोलंबसची?" पण हा तिसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, सायकल कोण चालवणार? दुसरा, कोणत्या रस्त्यावर?

विदर्भात गिऱ्हाईक आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली 'रॅम' शर्यत एकट्याने पूर्ण केली. २०० किलोमीटरची ब्रेवे साडेतेरा तासांत संपवावी लागते. इतका वेळ सीटवर बसणाऱ्याला आराम हवा आणि पायडल मारलं की सायकल लगेच पळायलाही हवी. त्यात रस्ते आपले, कोळशाच्या ट्रकांनी उखडलेले.

१. ताठपणा वेगळा, मजबुती वेगळी

साधं स्टील असो, ४१३० क्रोमोली असो की रेनॉल्ड्स ८५३, माप सारखं असेल तर नळी जवळपास सारखीच लवते. महाग स्टील जास्त ताठ नसतं, ते जास्त मजबूत असतं. म्हणून त्याची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन वाचतं. महाग नळीचे पैसे आपण यासाठी मोजतो.

"लोखंड तर घुग्घुसमध्येच बनतं, मग हार्डवेअरमधला पाइप का नको?" असंही विचारतात. तो साधा पाइप पातळ घेतला तर वाकायची भीती आणि जाड घेतला तर सायकल जड. रोड सायकलसाठी तो नको.

२. खरा खेळ व्यासाचा

डाउन ट्यूब २८.६ ऐवजी ३१.८ मिमीची घेतली आणि भिंत तेवढीच ठेवली, तर वजन सुमारे ११ टक्के वाढतं, पण ताठपणा ३५ ते ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणून आधी गिऱ्हाइकाचं वजन विचारा.

- साधारण ६० किलोचा माणूस: टॉप ट्यूब २५.४, डाउन ट्यूब २८.६. फ्रेम थोडी लवते आणि त्याला ती जिवंत वाटते.
- ८५-९० किलोचा माणूस: टॉप ट्यूब २८.६, डाउन ट्यूब ३१.८. नाहीतर चढावर जोर लावला की बॉटम ब्रॅकेट डावी-उजवीकडे झुलेल.

हलक्या माणसाला जाड नळी दिली, तर तो म्हणेल, "सायकल लाकडासारखी आहे." आणि त्याचंही खरंच असेल.

३. ०.८/०.५/०.८ म्हणजे काय?

ही डबल बटेड नळी. दोन्ही टोकांना भिंत ०.८ मिमी, मधे ०.५. टोकं जाड, कारण जोडाची उष्णता आणि ताण तिथेच येतो. मागवतानाच विचारा, जाड भाग किती लांब आहे? न बघता कापलं तर पातळ भाग जोडावर येतो. हेड ट्यूबजवळ अशी फ्रेम तुटली, तर गिऱ्हाईक तोंडावर पडेल. इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे मित्रांनो.

हात बसेपर्यंत ०.९/०.६/०.९ ची ४१३० घ्या. वजन थोडं वाढेल, पण टिग करताना भोक पडायची भीती कमी.

४. आराम टायरमधून येतो

फ्रेम त्रिकोणी असते, त्यामुळे उभ्या दिशेला ती फार कमी दबते. खड्ड्याचा धक्का जास्त करून टायर खातं. म्हणून मागच्या चेन स्टेमध्ये आणि पुढच्या फोर्कमध्ये ३२ मिमी टायर बसेल एवढी जागा ठेवा. वर २७.२ मिमीचा सीटपोस्ट द्या, तो जाड सीटपोस्टपेक्षा जास्त लवतो. पायडलचा जोर वाया जाऊ नये म्हणून चेन स्टे मात्र दमदार घ्या.

५. आता धंद्याचं गणित

सुरुवातीला दोनच मापांचे सेट ठेवा, एक हलक्या आणि एक भारी गिऱ्हाइकासाठी. दहा ब्रँडचा स्टॉक भरला तर भांडवल अडकतं. खर्चात नळी, कुरिअर, आयात शुल्क, गॅस, रॉड आणि तुमचे तास धराच. शिवाय काही नळ्या शिकण्यात खराब होणार, तेही धरा. पहिली फ्रेम विकू नका, स्वतः चालवा, तपासा, मग कापून जोड आतून बघा. विक्री सुरू करण्याआधी आयएसओ ४२१० या मानकातल्या फ्रेमच्या चाचण्या समजून घ्या आणि करून घ्या.

आजचा गृहपाठ: ओळखीच्या तीन सायकलस्वारांना भेटा. त्यांचं वजन, रोजचा रस्ता आणि एका दमात किती किलोमीटर चालवतात ते लिहा. प्रत्येकासाठी व्यास आणि भिंतीची जाडी ठरवा, आणि ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी लिहा.