निम्म्याचे निम्मे : एचआयव्हीबाधित मुलांवरील उपचारांचे गणित



अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथील घरांना परंपरेने चौकट असते, पण दार नसते. कडीकुलूप तर दूरच. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा कुलूप नसलेली बँक म्हणून तिची देशभर चर्चा झाली. आपल्या शरीरातील पेशी मात्र या गावच्या घरांसारख्या नाहीत. प्रत्येक पेशीभोवती पटल असते आणि विषाणूला आत शिरायचे तर पटलावरील कुलपाला जुळणारी किल्ली लागते. एचआयव्ही या विषाणूजवळ अशी एक किल्ली आहे. ती मुख्यतः ज्या पांढऱ्या पेशींना लागते, त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. दुर्दैव असे, की रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या सैन्याला हुकूम देणाऱ्या पेशी त्याच होत.

आत शिरलेला विषाणू आपली जनुकीय माहिती पेशीच्या गुणसूत्रात गुंफून टाकतो. जणू घराच्या उताऱ्यावर स्वतःचे नाव चढवतो. मग ती पेशी नव्या विषाणूंचा कारखाना बनते.

लहान मुलांना ही बाधा बहुधा आईकडून, गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून होते. काहीच उपाय न केल्यास अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना ती होते. आईला वेळेवर औषधे मिळाली, तर हे प्रमाण ५ च्याही खाली येते. तरीही काही मुलांना बाधा होतेच. अशा मुलाला औषध सुरू केले म्हणजे त्याच्या शरीरात काय घडते, ते आज आपण पाहू.

औषध आले कोठून?

याच जिल्ह्यात, नगर शहरात, १९८९ साली डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी सुरू केलेली ‘स्नेहालय’ ही संस्था एचआयव्हीबाधित मुलांचाही सांभाळ करते. १९९० नंतरच्या दशकात अशा मुलांना पोटभर अन्न, माया आणि ताप-खोकल्यावरची औषधे देता येत. विषाणूवरची औषधे निघाली होती, पण तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत १०,००० डॉलरहून अधिक होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तो ३५० डॉलरपर्यंत खाली आणून दाखवला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला आणि २००६ च्या अखेरीस मुलांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला.

विहिरीचे कोडे

उपचार नसलेल्या रुग्णाच्या रक्तातील विषाणूंची संख्या महिनोन् महिने जवळजवळ स्थिर राहते. त्यावरून पुष्कळांना वाटे, की हा विषाणू वर्षानुवर्षे सुस्त पडून असतो. हा समज खरा आहे का?

एक विहीर डोळ्यांसमोर आणा. तिच्यात झरा पाणी ओततो आहे आणि मोटर तितकेच पाणी उपसते आहे. पातळी हलत नाही. पण म्हणून पाणी वाहत नाही असे म्हणता येईल का? उपसा किती आहे हे कळायला झरा बंद करावा आणि पातळी किती वेगाने उतरते ते मोजावे.

१९९५ साली डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ या अमेरिकन डॉक्टरांच्या दोन पथकांनी नेमके हेच केले. औषधाने ‘झरा’ बंद केला, म्हणजे नव्या पेशी बाधित होणे थांबवले, आणि रक्तातील विषाणू मोजत गेले. या आकड्यांचे गणित मांडणाऱ्यांत ॲलन पेरेल्सन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. विषाणूंची संख्या सुमारे दर दीड दिवसाला निम्मी होत होती. उलट हिशेब केल्यावर दिसले, की उपचारांपूर्वी शरीरात रोज सुमारे १,००० कोटी विषाणू तयार होतात आणि तितकेच नाहीसे होतात! सुस्त तर सोडाच, हा विषाणू क्षणभरही स्वस्थ नसतो.

साडेबावीस दिवसांचे गणित का चुकते?

किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही अभ्यासले असेल. तेच गणित येथे लावू. समजा, एका बाळाच्या १ मिलिलिटर रक्तद्रवात १० लाख विषाणू आहेत. मोठ्या माणसापेक्षा तान्ह्या बाळात हा आकडा बहुधा जास्तच असतो, कारण त्याची प्रतिकारशक्ती अजून पक्व झालेली नसते. १० लाखांचे निम्मे ५ लाख, त्याचे निम्मे अडीच लाख, असे १५ वेळा केले की उरतात सुमारे ३०. म्हणजे १५ गुणिले दीड, साडेबावीस दिवसांत विषाणू नेहमीच्या चाचणीला दिसेनासा व्हायला हवा.

प्रत्यक्षात त्याला कित्येक महिने लागतात. गणित कोठे चुकले?

गणित बरोबर आहे, गृहीत चुकले. सर्व बाधित पेशी एकाच वेगाने मरतात, असे आपण धरले होते. बहुतेक पेशी झटपट मरतात हे खरे, पण काही पेशी चिवट असतात. त्यांची संख्या निम्मी व्हायला एक ते चार आठवडे लागतात. समजा, १० लाखांपैकी १०,००० विषाणू अशा चिवट पेशींतून आलेले आहेत आणि त्यांचे अर्धायुष्य दोन आठवडे आहे. ८ वेळा निम्मे केल्यावर सुमारे ३९ उरतात. त्याला १६ आठवडे लागले. आता उत्तर वास्तवाच्या जवळ आले. आलेख काढला, तर तो आधी कड्यासारखा कोसळतो आणि मग उतारासारखा सावकाश उतरतो. ही मापे प्रौढांत प्रथम घेतली गेली. मुलांतही असाच दोन टप्प्यांचा आलेख मिळतो.

मुलांचे वेगळेपण

आता सीडी-४ पेशींकडे वळू. निरोगी बाळात त्या मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असतात आणि वयाबरोबर कमी होत जातात. म्हणून पाच वर्षांखालील मुलांत नुसती संख्या पाहून भागत नाही, टक्केवारी पाहावी लागते.

या पेशी जेथे तयार होऊन तरबेज होतात, ती थायमस ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते. ती लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. विषाणूचा हल्ला थांबला, की मुलाची थायमस नव्या पेशींची फौज उभी करू लागते. मोठ्या माणसाला हे तितके साधत नाही. मुलांच्या बाजूने निसर्गाने दिलेली ही मोठी जमेची बाब आहे.

बाहेरून दिसणारा बदलही असाच क्रमाने येतो. आधी भूक लागते आणि वजन वाढते. उंची मागाहून वाढते. उपचार फार उशिरा सुरू झाले, तर उंचीची तूट पूर्ण भरून निघतेच असे नाही.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. उपचार नसलेल्या बाधित बाळांपैकी जवळजवळ निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावतात, असे आफ्रिकेतील अभ्यासांत आढळले. दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीत ६ ते १२ आठवड्यांच्या बाळांना, आजाराची वाट न पाहता, लगेच औषधे दिली. २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वाट पाहून औषध दिलेल्या बाळांच्या तुलनेत मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले.

एक गोष्ट घरच्यांना मात्र घाबरवते. पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या मुलाला उलट अधिक ताप येतो, गाठी सुजतात. पुष्कळदा याचे कारण असे, की शरीरात आधीपासून लपलेल्या क्षयासारख्या रोगावर जागी झालेली प्रतिकारशक्ती तुटून पडते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना गाठावे.

यशातून येणारी अडचण

मुलांचे औषध वजनावर ठरते. १० किलोचे मूल औषधाने सुधारले आणि १४ किलोचे झाले. मात्रा जुनीच राहिली तर? ती आता अपुरी पडते. म्हणून प्रत्येक भेटीत वजनकाटा हवाच.

अपुरी मात्रा का वाईट? या विषाणूच्या जनुकीय मजकुरात सुमारे १०,००० अक्षरे आहेत आणि नक्कल करताना साधारण ३०,००० अक्षरांत एक चूक होते. म्हणजे दर तीन प्रतींत सरासरी एक चूक! रोज १,००० कोटी विषाणू बनत असतील, तर एखाद्या औषधाला दाद न देणारा ‘चुकलेला’ विषाणू कोठेतरी तयार होणारच. तीन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा निपजण्याची शक्यता मात्र तिन्ही शक्यतांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे अत्यल्प असते. म्हणून औषधे एकत्र देतात. गोळ्या अधूनमधून चुकवल्या, की औषध अर्धवट राहते आणि अशा विषाणूंना वाट मोकळी मिळते.

गोळी कधी थांबवायची?

रक्तात विषाणू दिसत नाही, मूल धावते-खेळते, मग गोळी कशाला? वयात आलेल्या मुलामुलींना हा प्रश्न हमखास पडतो. उत्तर पुन्हा अर्धायुष्यातच आहे. काही बाधित पेशी निद्रिस्त असतात. उताऱ्यावर विषाणूचे नाव आहे, पण कारखाना बंद आहे. औषध त्यांना शोधू शकत नाही. त्यांचे अर्धायुष्य सुमारे ४४ महिने आहे. अशा १० लाख पेशी संपायला २० वेळा निम्मे व्हावे लागेल : २० गुणिले ४४, म्हणजे ८८० महिने, ७३ वर्षांहून अधिक! गोळी थांबवली, की यांतलीच एखादी पेशी जागी होते आणि बहुधा काही आठवड्यांत विषाणू रक्तात परततो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी रोज अशी गोळी घेत असेल, तर त्याने किंवा तिने हा आकडा लक्षात ठेवावा : बरे वाटते ते गोळीमुळेच. आणि इतरांनी हे लक्षात ठेवावे, की एका बाकावर बसून, डबा वाटून खाऊन किंवा एकत्र खेळून एचआयव्ही पसरत नाही. बाधा आहे म्हणून शाळेत भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. कोण कसली गोळी घेते, हे विचारण्याचाही आपल्याला अधिकार नाही.

करून पाहा

६४ नाणी घ्या. प्रत्येक फेरीत ती उडवा, छाप पडलेली बाजूला काढा आणि उरलेली मोजा. त्यांच्यासोबत खूण केलेली ८ ‘चिवट’ नाणी ठेवा. ती फक्त दर पाचव्या फेरीला उडवा. फेरी आणि उरलेली एकूण नाणी यांचा आलेख काढा. उतार कोठे बदलतो? उताराच्या त्या बदलावरून, नाण्यांवरची खूण न पाहताही, नाणी दोन प्रकारची आहेत हे ओळखता येईल का?