माळावरची सफर

आफ्रिकेंतील अभयारण्यांचीं चित्रें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. सोनेरी गवताचें अफाट मैदान, त्यांतून धुरळा उडवीत जाणारी उघडी मोटार, आणि थोड्याच अंतरावर निवांत पहुडलेला सिंह, असें तें चित्र असतें. टांझानियांतील सेरेन्गेटी, दक्षिण आफ्रिकेंतील क्रुगर, केनियांतील नाकुरू सरोवर हीं नांवें शाळेंतील लहान मुलांसही तोंडपाठ असतात. अशा प्रवासास तिकडे 'सफारी' म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेंतला असून मूळ अरबी 'सफर' या शब्दावरून आला आहे. आणि तोच 'सफर' शब्द आपल्या मराठींतही फार दिवसांपासून नांदत आहे. शब्द जर आपल्या घरीं आहे, तर सफरही आपल्या घरीं नसेल काय? या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पुणें शहराची जागाच मोठी भाग्याची आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा, पावसाच्या धारा आणि दाट झाडी. पूर्वेस दौंड, बारामती व इंदापूर या तालुक्यांतील कोरडा माळ. थोडक्या प्रवासांत दोन निराळे प्रदेश लागतात आणि प्रत्येकाची पक्ष्यांची प्रजा निराळी असते. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडींत स्वर्गीय नर्तक आपली लांब पांढरी शेपटी झुलवीत फिरतो. तो उघड्या माळावर आढळावयाचा नाहीं. उलट माळावरचा धाविक पक्षी झाडावर बसत नाहीं. तो उघड्या जमिनीवर धांवतो, थबकतो, किडा टिपतो आणि पुन्हां धांवतो. ज्याचें जीवन जेथें गुंतलेलें, तेथेंच तो दिसावयाचा. पक्षिनिरीक्षणाचा हा पहिला धडा होय.

या प्रदेशांतील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यानें केली. मुंबई सरकारच्या नोकरींत असतां लोकसंख्या, शेती इत्यादींची माहिती गोळा करीत तो दख्खनभर हिंडला, आणि तें काम करतांनाच त्यानें पशुपक्ष्यांकडेही डोळस दृष्टीनें पाहिलें. ती यादी १८३२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाली. आपल्या माळावरील लांडग्यास शास्त्रीय नांव देणाराही तोच. कामाचा माणूसही वाटेनें जातां जातां केवढें ज्ञान मिळवूं शकतो, याचें हें उदाहरण आहे.

आतां प्रत्यक्ष सफरीकडे वळूं. मार्च महिन्याच्या अखेरीस अकरा विद्यार्थी व दोन शिक्षक असे आम्ही बारामती तालुक्यांतील सुपें येथील मयूरेश्वर अभयारण्य पाहण्यास गेलों. मोरगांवच्या मयूरेश्वरावरून यास हें नांव पडलें असून १९९७ सालीं तें घोषित झालें. विस्तार म्हणाल तर अवघा पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास. सेरेन्गेटीचा विस्तार सुमारें पावणेपंधरा हजार चौरस किलोमीटर आहे! परंतु लहान घरांतही मोठें कुटुंब नांदतें, तसेंच येथें आहे. खुरटें गवत, बाभळी, बोरी आणि मुरमाड जमीन यांवर चिंकारा, खोकड, ससा, मोर, तित्तिर, चंडोल आणि कित्येक शिकारी पक्षी पोट भरतात.

पहाटेच्या गारव्यांत आम्हांस पहिला चिंकारा दिसला. तो उभा होता, परंतु हलला नाहीं तोंवर एकाही मुलास दिसला नाहीं. त्याचा तांबूस रंग मातीशीं आणि वाळल्या गवताशीं इतका एकरूप झालेला असतो! नर व मादी या दोघांसही शिंगें असतात. मादीचीं आंखूड व बारीक असतात. हा प्राणी पाण्यावांचून पुष्कळ दिवस काढूं शकतो. पाल्यांतील ओलावा व पानांवरचें दंव यांवर तो आपली तहान भागवितो. अवर्षणाच्या या मुलखांत तो टिकून राहिला याचें रहस्य हेंच.

पुढें जें घडलें तें सांगण्यास मला लाज वाटते. तरी सांगतों, कारण त्यांतच या सफरीचा खरा लाभ झाला. परत येतांना अभयारण्याच्या बाहेरच्या माळावर एक मादी व तिचें पाडस चरतांना दिसलें. "सर, जरा जवळ नेतां येईल काय?" असें दोघांतिघांनीं विचारलें, आणि माझाही मोह आवरला नाहीं. मीं चालकास खूण केली. मोटार वाट सोडून गवतांत शिरली. मादीनें एकदां मान वर केली आणि दोन्ही प्राणी उड्या घेत क्षणांत दिसेनासे झाले. त्याच क्षणीं एक टिटवी किंचाळत आमच्या डोक्यावर घिरट्या घालूं लागली. चालक शहाणा होता. त्यानें तत्काळ मोटार थांबविली. आम्ही खालीं उतरून पाहतों तों पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर, खड्यांच्या लहानशा खळग्यांत, टिटवीचीं चार अंडीं! टोंकें आंत करून मांडलेलीं, खड्यांसारखींच ठिपकेदार. टिटवी घरटें बांधीत नाहीं. तिचा सर्व भरंवसा या रंगावर आणि आपल्या आरोळीवर. कोणी कांहीं बोललें नाहीं. मोटार त्याच चाकोरींतून मागें घेतली, आणि आम्ही दूर जाऊन थांबलों. पंधरा मिनिटांनीं टिटवी पुन्हां अंड्यांवर येऊन बसली, तेव्हां कोठें माझा जीव खालीं पडला.

आफ्रिकेंतील क्रुगरसारख्या उद्यानांत मोटारीनें रस्ता सोडूं नये असा कडक नियम आहे. तो प्रवाशांच्या जिवासाठीं आहे तसाच गवतांतल्या जिवांसाठींही आहे, हें त्या सकाळीं आमच्या ध्यानांत आलें. मोठ्या प्राण्यावर आपली दृष्टि असते. चाक मात्र लहानावरून जातें.

माळाविषयीं आणखी एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ज्या जमिनीवर झाडें नाहींत ती 'पडीक', असें आपण सहज म्हणून जातों. मग तेथें कोणी चर खणतो, कोणी सद्भावनेनें दाट रोपें लावतो. परंतु गवताळ माळ हा उजाड झालेला अरण्याचा तुकडा नव्हे. तो आपल्या परीनें पूर्ण असा संसार आहे. गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर चंडोल व धाविक, उंदरांवर कापशी घार, सशावर खोकड, आणि सर्वांच्या वर लांडगा, अशी ती उतरंड आहे. येथें दाट झाडी झाली तर दूरवर पाहून शत्रु ओळखणाऱ्या चिंकाऱ्याचें नुकसानच होईल. धनगर पिढ्यान् पिढ्या या माळांवर मेंढरें चारीत आले आहेत. लांडगा त्यांचें एखादें कोकरूं नेतो, हें दुःखही त्यांच्या वाट्यास येतें. म्हणून रक्षणाची गोष्ट करतांना त्यांचा विसर पडतां कामा नये. २०२४ सालीं वन विभागानें पुणें जिल्ह्यांत इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी इत्यादि ठिकाणीं माळरानाची सफारी सुरू केली, तेव्हां 'पडीक' म्हणविलेल्या जमिनीस प्रथमच पाहुण्यांचा मान मिळाला.

माळ गेला म्हणजे काय जातें, याचें उत्तर माळढोक देतो. हा उंच व वजनदार पक्षी एके काळीं दख्खनच्या माळांवर सर्वत्र होता. त्याच्यासाठीं सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें. परंतु आज तेथेंही त्याचें दर्शन अतिदुर्लभ झालें आहे. मादी बहुधा एका वेळीं एकच अंडें घालते. त्यांत माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. समोरचें नीट न दिसणारा हा जड पक्षी त्या तारांवर आदळतो. आपल्या आजोबांनीं पाहिलेला पक्षी आपल्या नातवंडांस केवळ चित्रांत पाहावा लागेल कीं काय, ही भीति खरी आहे.

याच्या उलट एक कथा भिगवणची. भीमा नदीवर उजनीचें धरण झालें आणि १९८० च्या सुमारास पाणी सांठलें. त्याखालीं गांवें, शेतें, देवळें गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ कडक उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर आजही डोकें वर काढतें. माणसांनीं दिलेल्या या मोलाचा विसर न पडूं देतां तेथील पक्षी पाहावे. उथळ पाणी व चिखल यांमुळें तेथें हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. रोहित आपली चोंच पाण्यांत उलटी धरून गाळणीसारखी वापरतो आणि सूक्ष्म जीव खातो. त्या अन्नांतील रंगद्रव्यामुळें त्याचीं पिसें गुलाबी होतात. पिल्लें करड्या रंगाचींच असतात. पट्टकादंब हा हंसजातीचा पाहुणा तर तिबेट व मंगोलिया यांच्या सरोवरांपासून हिमालय ओलांडून येतो. उंचावरील विरळ हवेंतूनही पुरेसा प्राणवायु ओढून घेण्याची शक्ति त्याच्या रक्तांत आहे. तेथील कोळी बांधवांच्या नावा आतां पाहुण्यांस पक्षी दाखवितात. परंतु थवा उडालेला पाहण्याच्या हौसेनें नाव त्याच्या अंगावर घालावयास सांगूं नका. एकेक उड्डाण म्हणजे त्या पक्ष्याच्या दूरच्या प्रवासाच्या शिदोरींतून काढून घेतलेला घांस होय.

निरीक्षण कसें करावें? डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनीं लहानपणीं एक चिमणी मारली. तिच्या कंठावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हें विचारण्यास ते मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेंत गेले, आणि त्या एका प्रश्नांतून त्यांच्या जन्माचें कार्य उभें राहिलें. पुढें १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें त्यांनीं सुगरण पक्ष्याच्या वसाहतीवर नजर ठेविली. घरटें नर विणतो. मादी येऊन तें पारखते. पसंत पडलें तरच संसार थाटते. आणि मग नर दुसरें घरटें विणावयास घेतो, असें त्यांस आढळलें. यासाठीं त्यांस आफ्रिकेस जावें लागलें नाहीं. लागलें तें एवढेंच, कीं एका जागीं बसून रोज पाहणें.

तितकाच महत्त्वाचा गुण म्हणजे प्रामाणिकपणा. रानपिंगळा नांवाचें लहान घुबड १८७३ सालीं शास्त्रास ठाऊक झालें आणि १८८४ नंतर तें कोणासही खात्रीनें मिळालें नाहीं. पुढें एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपण तें १९१४ सालीं मिळविल्याचें लिहून ठेविलें. तपासाअंतीं उघडकीस आलें, कीं तो नमुना संग्रहालयांतून चोरलेला जुनाच असून वरची चिठ्ठी खोटी होती! संशोधकांनीं ती नोंद बाजूस सारली, खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला, आणि १९९७ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, शहाद्याजवळच्या रानांत, रानपिंगळा जिवंत सांपडला. ११३ वर्षांचा शोध खऱ्या नोंदीनें फळास आला.

आमच्या सफरींत एका मुलानें वहींत प्रथम 'गरुड' असें लिहिलें होतें. संध्याकाळीं त्यानें तें खोडून लिहिलें, 'मोठा शिकारी पक्षी. नीट पाहिला नाहीं.' त्या दिवसाची सर्वांत मोलाची नोंद मला तीच वाटली.

विद्यार्थिमित्रहो, दुर्बीण नसली तरी अडत नाहीं. एक वही व पेन्सिल घ्या. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचा आकार, रंग, चोंच, चाल व आवाज इतकें लिहा. आरंभ आपल्या अंगणांतील दयाळापासून, शाळेच्या आवारांतील तांबटापासून, मुठेकांठच्या खंड्यापासून करा. आणि पालकांस विनंती अशी कीं, वर्षांतून एकदां तरी मुलांस पहाटे उठवून माळावर न्या, त्यांस गप्प बसावयास शिकवा, आणि आपणही त्यांच्या शेजारीं गप्प बसा. आम्हीं पाहिलेल्या त्या चार अंड्यांतून पिल्लें बाहेर पडलीं कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. परंतु त्या मोटारींत बसलेलीं अकराही मुलें पुन्हां माळावर जातील तेव्हां वाट सोडावयाचीं नाहींत, एवढी खात्री मला आहे.