दोन तबकड्यांची चढाओढ



मोर्शीतल्या कितीतरी घरांत पेटीच्या तळाशी लग्नाची एखादी जुनी व्हिडिओ कॅसेट सापडते. तिच्यात कदाचित तुमच्या आजोबांचा आवाज असेल. पण ती लावायला यंत्र कुठे आहे?

कॅसेटनंतर सीडी आणि डीव्हीडी आल्या. या तबकड्यांवरील सूक्ष्म खुणा लेसर किरण वाचतो. खुशखत गिरवताना रुंद कापलेल्या बोरूने तख्तीवर थोडीच अक्षरे मावतात, बारीक बोरूने पुष्कळ. किरणाचेही तसेच आहे. डीव्हीडीचा लाल किरण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. पुढे ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा किरण वापरात आला आणि अधिक स्पष्ट चित्रपट एकाच तबकडीवर मावू लागला.

२००६ साली अशा दोन तबकड्या बाजारात आल्या. तोशिबाच्या गटाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे. दोघींचा आकार सारखा, किरणही सारखाच. मात्र एचडी डीव्हीडीत खुणांचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल होता, तर ब्लू-रेत ०.१ मिलिमीटर. म्हणून एकीच्या यंत्रात दुसरी सहसा चालत नसे. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ गिगाबाइट माहिती मावे, ब्लू-रेच्या थरात २५. उलट, एचडी डीव्हीडी जुन्या कारखान्यांत थोड्या फेरफाराने बनवता येई आणि तिची यंत्रे स्वस्त होती.

सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रातच ब्लू-रेची सोय केली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. ज्यांनी एचडी डीव्हीडीची यंत्रे घेतली होती, त्यांना नवे चित्रपट मिळेनासे झाले.

गंमत अशी, की पूर्वी हीच सोनी हरली होती. तिची बीटामॅक्स कॅसेट १९७५ साली आली, पण १९७६ सालच्या व्हीएचएसने तिला मागे टाकले. आणि जिंकलेली व्हीएचएस तरी कुठे टिकली? २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीनेही तिची यंत्रे बनवणे थांबवले.

मित्रांनो, आपली संत्री पेट्यांतून बाजारात जातात. पेटी कोणी जपत नाही, जपायची असतात ती संत्री. कॅसेट आणि तबकडी याही पेट्याच आहेत. दमट हवेने कॅसेटची फीत खराब होते. तेव्हा आजच घरी विचारा. कॅसेट असेल तर तिची नक्कल संगणकावर करून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आजोबांचा आवाज पुन्हा विकत मिळत नाही.

स्वाध्याय
१. एचडी डीव्हीडी व ब्लू-रे यांतील दोन फरक लिहा.
२. लेखकाने बोरूचे उदाहरण का दिले आहे?
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या आठवणीविषयी पाच वाक्ये लिहा.