दोघांचंही विस्थापन शून्य

चिंचवडगाव

चि. बाळ,


चाकणच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवायला लागलीस, फार बरं वाटलं. "मामा, गतीचा धडा काही केल्या मुलांच्या गळी उतरत नाही," असं परवा फोनवर म्हणालीस. गणपती आठवड्यावर आलेत. धडा त्यांच्यापासूनच सुरू कर.

गणपती आणि कार्तिकेयाची पृथ्वीप्रदक्षिणेची पैज वर्गात प्रत्येकाला ठाऊक असते. फळ्यावर दोनच आकडे लिही. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, आणि कार्तिकेयाच्या मोराचा वेग धरायचा ताशी 40. रात्रंदिवस उडाला तरी 1,000 तास, म्हणजे जवळजवळ 42 दिवस. चतुर्थीला निघालेला कार्तिकेय कोजागरी उलटल्यावर घरी पोचतो! हे तू सांगू नकोस. कालनिर्णय भिंतीवरून काढून मुलांच्या हातात दे, त्यांना दिवस मोजू दे. मग विचार, अंतराळ स्थानक हीच फेरी साधारण 90 मिनिटांत मारतं, तर त्याचा वेग किती?

आता गणपती. आईवडिलांभोवती एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे सव्वासहा मीटर चाल. बाकं सरकवून एखाद्याला चालायला लाव. अंतरात जमीनअस्मानाचा फरक, पण निघाले तिथेच दोघे परतले, म्हणून दोघांचंही विस्थापन शून्य. हे एकदा पायांनी कळलं की व्याख्या घोकावी लागत नाही.

तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील कंपनीच्या बसने येजा करतात. भोसरीहून चाकण वीसेक किलोमीटर, तेवढंच परत. एखादी मुलगी नक्की विचारेल, "बाबांचं विस्थापन शून्य, मग ते दमतात का?" त्या दिवशी पुढचा धडा बाजूला ठेव. बसचं डिझेल का जळलं, टायर का झिजले, हे विचार. घर्षणाविरुद्धचं कार्य सगळ्या वाटेवर मोजलं जातं, घरी परतलं म्हणून ते फिटत नाही. बाबांच्या कष्टाचा हिशेब त्या मुलीला असा समजला, तर ती तो आयुष्यभर विसरणार नाही.

दोन गोष्टी मात्र जप. गणित जुळलं म्हणून "आपल्याकडे तेव्हाच विमानं होती" असं कधी म्हणू नकोस. गोष्ट प्रश्न देते, पुरावा देत नाही. आणि "हे सगळं खोटं आहे" असंही म्हणू नकोस. मी तरुणपणी वर्गात तसं म्हणालो होतो. पहिल्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून बसला, आणि वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याची श्रद्धा मी हलवली नाही, फक्त त्याचं कुतूहल बंद केलं. ती चूक मला अजून सलते.

जयंत नारळीकर फलज्योतिषाविरुद्ध ठामपणे उभे राहिले, पण मुलांशी बोलताना त्यांचा सूर कधी चढला नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली त्यांची सही येई. प्रश्नाला एवढा मान देणारा शिक्षक मुलांना लागतो.

तेव्हा यंदा वर्गात आरास करशील, तिच्याशेजारी एक खोका ठेव. दहा दिवस मुलांनी त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात: मोदक वाफेवरच का शिजतो, ढोलाचा आवाज पोटात का घुमतो, शाडूची मूर्ती पाण्यात का विरघळते. विसर्जनानंतर तो खोका उघड आणि वर्षभर त्यातूनच शिकव.

तुझा,
मामा